माउंटन व्ह्यूत जुन्या एसजीआयच्या मागावर: डिस्क आधी, डबा नंतर

कॅलट्रेनच्या माउंटन व्ह्यू स्टेशनवरून नॉर्थ शोरलाइन बुलेव्हार्डने खाडीच्या दिशेने निघालं की हायवे १०१ च्या अलीकडेच कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम लागतं. ही इमारत आधी सिलिकॉन ग्राफिक्सची (एसजीआय), म्हणजे त्रिमितीय ग्राफिक्सची वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपनीची होती. हायवेपलीकडे अ‍ॅम्फिथिएटर पार्कवेवर त्याच कंपनीचं मुख्यालय होतं. आज तिथे गुगल आहे. या भागात दुकानं हुडकत हिंडण्यात आता अर्थ नाही, सनीव्हेलचं जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचं दुकान वीअर्डस्टफ वेअरहाउसही २०१८ मध्ये बंद झालं. जायचंच तर विंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल वेस्टच्या वेळी जावं. हल्ली तो ऑगस्टच्या सुरुवातीला याच म्युझियममध्ये भरतो आणि लोकांनी विक्रीला आणलेला माल तिथे मांडलेला असतो. पहिल्या दिवशी दार उघडतानाच पोचावं.

हवं असतं ते एसजीआयच्या मशीनवरचं अ‍ॅनिमेशन आणि चित्रांचं जुनं सॉफ्टवेअर: पॉवरअ‍ॅनिमेटर, सॉफ्टइमेज, मॅटाडोर किंवा आयरिक्सवरचं (एसजीआयची ऑपरेटिंग सिस्टिम) फोटोशॉप ३. लोक खोक्यातल्या सीडीवर झडप घालतात. पण यातली महागडी सॉफ्टवेअर्स लायसन्सशिवाय उघडतसुद्धा नाहीत आणि ते लायसन्स मशीनच्या क्रमांकाशी बांधलेलं असतं. त्यामुळे एखाद्या स्टुडिओतून निघालेलं, मूळ डिस्क आत असलेलं मळकं इंडी हे डिस्क काढून चकाचक पुसलेल्या ऑक्टेनपेक्षा कितीतरी मोलाचं (इंडी, ऑक्टेन आणि ओटू ही एसजीआयची मॉडेलं). विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: डिस्क मूळची आहे का, आणि डाँगल (लायसन्ससाठी मशीनला जोडायची कळ) होतं का?

मशीन तिथल्या तिथे तपासायला मॉनिटर लागत नाही. लॅपटॉप, यूएसबी-सीरियल केबल आणि नल मोडेम (दोन कॉम्प्युटर थेट जोडणारा अडॅप्टर) पुरे. इंडीला मात्र आठ पिनांचा मिनी-डिन लागतो, ओटू आणि ऑक्टेनला नेहमीचा नऊ पिनांचा. कीबोर्ड न लावता मशीन सुरू केलं की कन्सोल सीरियलवर येतो: ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. डिस्क आधी काढून ठेवा. जुनी डिस्क शेवटची एकदाच फिरणार असेल तर ती नक्कल करताना फिरावी, स्टॉलवर नव्हे. डिस्क नसतानाही प्रॉम मॉनिटरमध्ये (मशीनमधल्या चिपवरचा, आज्ञा घेणारा प्रोग्राम) 'एच-आय-एन-व्ही' ही आज्ञा दिली की प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स बोर्ड कळतात.

इंडीचा इथरनेट पत्ता डॅलस डीएस१३८६ चिपमध्ये असतो आणि चिपची बॅटरी आतच सीलबंद असते. ती संपली की पत्ता सगळा 'एफएफ' दिसतो; नेटवर्क जातं आणि लायसन्सही नाकारलं जातं. विकणारे अशा वेळी 'बोर्ड मेला' म्हणून भाव पाडतात, ते आपल्या पथ्यावरच पडतं! मूळ पत्ता बऱ्याचदा डिस्कवरच सापडतो. व्हार डिरेक्टरीखालच्या फ्लेक्सएलएम (लायसन्स तपासणारा प्रोग्राम) फोल्डरमधल्या लायसन्स फाइलमध्ये ६९ ने सुरू होणारा आठ अंकी होस्ट आयडी (मशीनचा क्रमांक) असतो. त्याच्या आधी ०८:०० लावलं की इथरनेट पत्ता तयार. नवी चिप बसवून प्रॉममध्ये 'सेटएन्व्ह' ला 'एफ' पर्याय देऊन तो लिहायचा. मात्र डिस्क दुसऱ्याच मशीनची असेल तर हा हिशेब जुळणार नाही. त्याच फाइलमध्ये मुदतीच्या तारखेत वर्ष शून्य असेल तर ते लायसन्स कायमचं आहे.

नक्कल करायला जुना डेस्कटॉप, अ‍ॅडाप्टेक २९१६० हे स्कझी (अशा जुन्या डिस्क जोडायचं) कार्ड आणि लिनक्स घ्या. ओटू-ऑक्टेनच्या ८० पिनी डिस्कना ६८ पिनांचा अडॅप्टर लागतो. या डिस्कवर टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारा तुकडा) नसतो, म्हणून केबलच्या टोकाला तो हवाच, नाहीतर मध्येच वाचनदोष येतात आणि लोक डिस्कला दोष देत बसतात. इंडीची डिस्क ५० पिनी असते. डीडीरेस्क्यू या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा पहिला फेरा खराब भाग न खरवडता करा, उरलेल्यासाठी तीन फेरे नंतर. आयरिक्स ५.३ ची डिस्क बहुधा ईएफएस या जुन्या फाइल सिस्टिमची असते आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं. ६.२ पासूनच्या काही एक्सएफएस (नंतरची फाइल सिस्टिम) डिस्क लिनक्स नाकारतं, कारण त्यांतली डिरेक्टरीची रचना जुनी असते. डिस्क बिघडलेली नसते. 'दुरुस्ती'ची आज्ञा चुकूनही देऊ नका. नक्कल केलेली प्रतिमा ब्लूएससीएसआयवर (मेमरी कार्डाला जुन्या डिस्कचं रूप देणारा बोर्ड) टाकून खऱ्या इंडीत लावा, किंवा मेम या एम्युलेटरमधल्या इंडीत.

रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड माहीत नसला तर आधी 'एलपी', 'गेस्ट', 'डेमोज' ही खाती करून पाहा. जुन्या आयरिक्समध्ये ती पासवर्डविना येत. आत शिरल्यावर 'व्हर्जन्स' आज्ञेने बसवलेल्या पॅकेजेसची यादी मिळते. पॉवरअ‍ॅनिमेटरसारखे मोठे प्रोग्राम कधी कधी थेट कॉपी केलेले असतात, म्हणून यूएसआर डिरेक्टरीही चाळा. स्टुडिओचं चित्रण किंवा ग्राहकांच्या फाइली सापडल्या तर त्या कुठेही चढवू नका.

ऑक्टेन सुमारे २५ किलोचं, त्यामुळे गाडी लागेलच. त्याच्या बोर्डांवरच्या केसाळ कनेक्टरना बोट लावायचं नाही आणि बोर्ड बाहेर असताना टोपण घालून ठेवायचं. ओटूचं प्लास्टिक इतकं ठिसूळ झालेलं असतं की उचलताना खालूनच धरावं. पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांनी डब्याचा, म्हणजे मशीनचा, मोह सोडावा: अँटिस्टॅटिक पिशवीतली डिस्क, लायसन्स फाइलची प्रत, डाँगल असेल तर तेही, आणि सगळं हातातल्या बॅगेत.