१.४ घेतली आणि वापरतेय २ वर

परवा हार्ड डिस्क रिकामी करायला बसले होते, जुने फोटो उडवायचे होते, आणि उडवायचे सोडून तेच बघत बसले (दरवेळी हेच होतं). मग उगाच सगळे फोटो लेन्सप्रमाणे लावले, त्यात परत अपर्चरप्रमाणे (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा जितका लहान तितकं जास्त उघडं), आणि जे दिसलं त्याने जरा ओशाळायला झालं. माझ्याकडची ५० एमएम एफ १.४, जिच्यासाठी मी कितीतरी महिने पैसे साठवले, घरच्यांना लो लाइट लो लाइट म्हणून पटवलं, तिने १.४ वर काढलेले फोटो दहात एखादाच. बाकी सगळे २, २.२, २.८. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले तो आकडा मी वापरतच नाही.

मग मोजले कशासाठी? तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

आधी उजेडाचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. १.८ च्या स्वस्त लेन्सवरून १.४ वर गेलात की साधारण दोन तृतीयांश स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची किंवा फिल्मची उजेडाला संवेदनशीलता, जास्त केली की फोटो दाणेदार) ३२०० लागत होता तिथे २००० मध्ये भागतं. फिल्मच्या काळात बॅगेत ४०० चा रोल हाच काय तो आधार असायचा तेव्हा एवढ्यासाठी जीव टाकणारे लोक बरोबरच होते, आजच्या सेन्सरवर ३२०० आणि २००० मधला फरक मला तरी फोटो शेजारी शेजारी लावल्याशिवाय कळत नाही. बॅकग्राउंड ब्लरचंही तेच. फुल फ्रेमवर (फिल्मएवढा मोठा सेन्सर) माणूस दोन मीटरवर उभा असेल तर १.८ ला फोकसमधली जागा साधारण १७ सेंटीमीटर, १.४ ला १३, १.२ ला ११-१२. फरक आहे, नाही असं नाही, पण त्या चार सेंटीमीटरमुळे फोटो बघणारा वा म्हणाला असं माझ्या बाबतीत तरी एकदाही झालेलं नाही. उलट एक डोळा शार्प आणि दुसरा गेलेला असे फोटो ढिगाने आहेत, ते सगळे १.४ चेच.

त्यात डीएसएलआर (आतल्या आरशातून बघायचा कॅमेरा) वाल्यांची अजून एक गंमत. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरची जी स्क्रीन असते ती २.५-२.८ च्या पुढचा ब्लर नीट दाखवतच नाही, त्यामुळे मी १.४ लावून त्यातून बघायचे तेव्हा दिसत होतं साधारण २.८ चं चित्र आणि खरा प्रकार घरी स्क्रीनवर उघडायचा. मिररलेस (आरसा नसलेला, सेन्सरवरचंच चित्र दाखवणारा) घेतल्यावर पहिल्यांदा कळलं की १.४ दिसतं कसं, आणि त्याच आठवड्यात मी डायल फिरवून २ वर आणला.

तर मुद्दा असा की खरी तुलना १.८ विरुद्ध १.४ अशी नाहीच, ती दोन्ही लेन्स २ वर ठेवून करायची. १.८ ची लेन्स २ वर म्हणजे जवळजवळ पूर्ण उघडीच, तिच्या सगळ्या खोडी जशाच्या तशा. १.४ ची लेन्स २ वर म्हणजे एक स्टॉप खाली आलेली, आणि हा पहिला स्टॉपच सगळ्यात जास्त काम करतो. कोपऱ्यांचा अंधार बराचसा जातो, कडेचे दिवे मांजराच्या डोळ्यासारखे चपटे दिसत होते ते गोलाकडे येतात, आणि उजळ गोष्टींभोवती जो दुधाळ झाक असतो तो झपकन उतरतो. हा झाक म्हणजे स्फेरिकल अॅबरेशन, भिंगाच्या कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण एकाच ठिकाणी न भेटणं. अपर्चर बंद केलं की कडेचेच किरण आधी कापले जातात म्हणून फरक इतका पटकन दिसतो. माझे पैसे या एका स्टॉपच्या उसंतीत गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

पन्नासची लेन्स मुळात स्वस्त का पडते हेही सांगते, कारण स्वभावाचं मूळ तिथेच आहे. कार्ल झाइसच्या पॉल रुडॉल्फने १८९६ मध्ये प्लानर नावाचं डिझाइन केलं, अपर्चरच्या पुढे आणि मागे जवळजवळ सारखी भिंगं, आरशात बघितल्यासारखी. पुढच्या अर्ध्याने केलेल्या काही चुका मागचा अर्धा निस्तरतो, त्यामुळे रेषा वाकत नाहीत, कडेला रंग फाटत नाहीत, आणि हे सगळं साध्या सहा-सात भिंगांत. आजही स्वस्तातली बहुतेक प्रत्येक ५० याच घराण्यातली. कॅननची ईएफ ५० एफ १.८ १९८७ मध्ये आली, १९९० मध्ये तिची प्लॅस्टिक माउंटवाली दुसरी आवृत्ती, वजन १३० ग्रॅम, आणि २०१५ मध्ये एसटीएम नावाची तिसरी. तिन्हींत भिंगांची रचना तीच, पाच ग्रुपमध्ये सहा भिंगं. पण फोटो सारखे येत नाहीत! दुसऱ्या आवृत्तीत अपर्चरची (तोंड लहान-मोठं करणारी) पाती पाच आणि सरळ, त्यामुळे २.८ ला गेलं की मागच्या दिव्यांचे पंचकोन. एसटीएममध्ये सात पाती, कडा गोलसर, आणि त्याच काचेतून आलेला ब्लर कितीतरी शांत. (रात्री एफ ११ ला दिव्यांना चांदणीसारखे किरण हवे असतील तर मात्र जुनी पाच पात्यांवाली मस्त, दहा किरण येतात, विषम पात्यांना किरण दुप्पट येतात म्हणून. आठ पात्यांच्या लेन्सला आठच.)

या घराण्याला जे निस्तरता येत नाही ते म्हणजे मघाशी सांगितलेलं स्फेरिकल अॅबरेशन, आणि लोक ज्याला लेन्सचं कॅरेक्टर म्हणतात तो निम्म्याहून अधिक त्याचाच खेळ. ते थोडं शिल्लक ठेवलं तर मागच्या दिव्यांचे गोळे कडेला विरत जातात, बॅकग्राउंड लोण्यासारखं होतं, पण फोकसमध्येही जरा मऊपणा येतो. जास्तच सुधारायला गेलं तर उलटं, गोळ्यांना उजळ कडा येते साबणाच्या फुग्यासारखी, आणि मागे झाडाच्या फांद्या असल्या की नुसता गलका. म्हणजे चाचणीच्या चार्टवर शार्प आणि मागे सुंदर या दोन्ही गोष्टी साध्या डिझाइनमध्ये एकदम मिळणं कठीण, कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. निकॉनची ५८ एमएम एफ १.४ जी, २०१३ ची, हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. चार्टवर बघून लोकांनी नाकं मुरडली, एवढी महाग आणि वाइड ओपन (पूर्ण उघडी) एवढी मऊ, त्यापेक्षा २०११ ची ५० एफ १.८ जी कितीतरी स्वस्त आणि कुरकुरीत. दोन्ही बाजू बरोबर आहेत. मला विचाराल तर पैसा वसूल म्हणून १.८ जी, पण संध्याकाळच्या उजेडात कुणाचा तरी चेहरा काढायचा असेल तर ५८ ने जे होतं ते १.८ जी ने होत नाही, मी उसनी घेऊन वापरलीये.

मग सिग्माची २०१४ ची ५० आर्ट आली, १३ भिंगं, ८१५ ग्रॅम, आणि १.४ लाच शार्प. तिथून हा सगळा हिशोब उलटापालटा झाला. निकॉनची झेड ५० एफ १.८ एस बघा, २०१८ ची, नावाला १.८ पण आत १२ भिंगं आणि वजन ४१५ ग्रॅम, जुन्या १.४ वाल्यांना वाइड ओपन सहज मागे टाकते. म्हणजे आकडा लहान तर लेन्स भारी ही उतरंडच गेली. आता १.८ म्हणजे गरिबाची असं कोणी म्हणालं तर त्याला आधी कुठली १.८ ते विचारा. या नव्या लेन्समध्ये पापण्यांवर किंवा चष्म्याच्या दांडीवर येणारी ती जांभळी-हिरवी किनार (फोकसच्या पुढे जांभळी, मागे हिरवी) फारच कमी झालीये, आणि त्याबद्दल मी दोन्ही हात जोडते, कारण एडिटिंगमध्ये ती काढण्याइतकं कंटाळवाणं काम नाही.

पण यांना कॅरेक्टर नाही, निर्जीव आहेत, अशी जी ओरड असते ती मला अर्धीच पटते. बरीचशी ती आपल्या जुन्या लेन्सवरची माया आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी एखादी जुनी मॅन्युअल लेन्स अॅडॉप्टरवर लावून बघा, स्वस्तात हौस भागते. सोव्हिएत हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ २, मागे पानं असली की ती भोवऱ्यासारखी फिरतात, पहिले पन्नास फोटो वेड लागतं आणि मग सगळेच फोटो एकसारखे दिसायला लागतात. त्यापेक्षा मला सुपर टाकुमार ५० एफ १.४ आवडते, तिच्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियमची काच आहे, ती वर्षानुवर्षांनी चहासारखी पिवळी पडते, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली काही दिवस ठेवली की परत उजळते. पिवळी असताना फोटो छान उबदार येतात, म्हणून काही जण मुद्दाम तशीच ठेवतात.

१.२ चा मोह मलाही झाला होता. कॅननची ईएफ ५० एफ १.२ एल मित्राने दोन दिवस दिली होती, रंग आणि कॉन्ट्रास्ट बघून जीव गेला अगदी, पण या लेन्समध्ये फोकस शिफ्ट आहे हे आधी माहीत असू द्या. कॅमेरा फोकस करतो लेन्स पूर्ण उघडी ठेवून, फोटो घेताना अपर्चर बंद होतं, आणि तेवढ्यात फोकस जरा मागे सरकतो. जवळून, अपर्चर २ ते ४ च्या मध्ये, सगळ्यात जास्त. म्हणजे मी जिथे राहते नेमकं तिथेच!

क्रॉप सेन्सरवाल्यांनी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ५० च्या नादी लागायच्या आधी ३५ एफ १.८ बघा, क्रॉपवर ५० म्हणजे ७५-८० होते, पोर्ट्रेटला ठीक पण खोलीत भिंतीला पाठ टेकते. आणि कुठलीही घ्या, सेकंडहँड घेत असाल तर हातात घेऊन अपर्चर २ वर ठेवा, एक मीटरवर काहीतरी बारीक अक्षरांचं धरा, मागे दिवे किंवा पानं येऊ द्या, आणि एक फोटो मधोमध, एक कडेला. अक्षरं नंतर बघा. आधी मागचं बघा.