तुम्ही विचारलंत म्हणून : वाघ दिसतो का?

गाव गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. वाघ दिसतो का? लग्नात, एसटीत, नागपूरला नातेवाइकांकडे, सगळीकडे हाच. आता एकदाच लिहून टाकते.

आहे वाघ. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नागझिरा अभयारण्यासोबत व्याघ्र प्रकल्प. पण तो दिसेलच असं मी कुणाला सांगत नाही. गावच्या तळ्याचं का नाही विचारत? सात बहिणी म्हणतात त्या डोंगरांमधलं हे पाणी आयतं मिळालेलं नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळीनं बांध घालून ते अडवलं. तळ्यातल्या मालडोंगरीच्या बेटावर तो अजून वसतो असं लोक आजही मानतात. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस इथे उतरतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि इथली पाखरं, झाडं, माणसं लिहीत गेले. पाखरांचं क्वचित कुणी विचारतं. अस्वलाचं कुणीच नाही.

मोवा, म्हणजे मोहाची फुलं, पडायचे दिवस होते. फुलं रात्री गळतात, म्हणून बाया अंधारातच निघतात; उशीर केला की गुरं नाहीतर हरणं खाऊन जातात. अस्वलाचंही तेच. त्याला नाक तिखट, पण नजर अधू. खाताना मान खाली घातली की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि मग घाबरून ते थेट तोंडावर येतं. आमची मोठीमाय झाडाच्या या बाजूला वाकून टोपलं भरत होती, ते त्या बाजूला. दोघांनाही कळलं नाही. डावा डोळा गेला, गाल कानापर्यंत फाटला. सोबतच्या बायांनी आरडाओरडा केला तेव्हा ते पळालं. लुगड्याचा पदर तोंडावर दाबून ती स्वतःच्या पायांनी रस्त्यापर्यंत चालत आली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मला एका नातेवाइकाचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "वाघ होता का?" मी अस्वल म्हटलं. "अच्छा, अस्वल," म्हणाले, आणि आवाज एकदम उतरला. मी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून हा प्रश्न मला झोंबतो. विचारणाऱ्या प्रत्येकावर तो राग निघतो, हे बरोबर नाही, कळतं मला. परवा बांधावरच्या ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला पाहिला, बोटं न् बोटं स्पष्ट. काळजात धस्स झालं आणि आनंदही झाला. तो लपवत नाही.

त्या वर्षी मी म्हणायची, जंगलाला कुंपण घाला, अस्वलं उचलून न्या. आज तसं म्हणवत नाही. पण तेव्हाच्या मला चूक ठरवायलाही मी तयार नाही. टाक्यांचा तो चेहरा रोज तीच धूत होती. अस्वल कुठे न्यायचं, आणि मोव्यावर आधी हक्क कुणाचा, याचं उत्तर तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

मोठीमाय पुढच्या हंगामात परत गेली. मी भांडले. ती म्हणाली, "मोवा का घरी चालत येते का बापा?" आता ती उजाडल्यावर जाते, चार बायांसोबत, बोलत बोलत. यंदा माझी मुलगी तिच्यासोबत जायचं म्हणते आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.