न पटणाऱ्या माणसासाठी लिहिताना

वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेणाऱ्या मुलांना युक्तिवाद लिहायला बसवलं की त्यांची पंचाईत होते. मी त्यांच्यातलीच. बोलताना आवाज चढवता येतो, नेमक्या जागी थांबता येतं, एखादं सुभाषित फेकलं की मागची दोन वाक्यं तपासायला ऐकणाऱ्याला सवडच राहत नाही. कागदावर यातलं काही चालत नाही. वाचणारा हव्या त्या वाक्यापाशी थांबतो, वाटलं तर मागे जातो, 'हे कशावरून?' असं विचारतो आणि उत्तर नाही मिळालं तर कागद बाजूला ठेवतो.

शाळेतल्या निबंधांनी तर भलतीच सवय लावली होती. 'मोबाईल: शाप की वरदान', 'विज्ञान: तारक की मारक'. सुरुवातीला 'आजच्या धावपळीच्या युगात', मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'अति तिथे माती' म्हणून मोकळं व्हायचं. दोन्ही बाजूंना सारख्या ओळी दिल्या की गुण पक्के. कुणाला काही पटवायचा प्रश्नच नसायचा. (तो प्रकार अगदीच टाकाऊ नाही, हे आता कबूल करायला हवं. दुसरी बाजू असते, एवढं तरी त्यातून कळतं. ती आठवल्यावर तिचं करायचं काय, हे मात्र तिथे कुणी सांगत नाही.)

पदवीच्या वर्गात युक्तिवादात्मक लेखन हा विषय घेतला तेव्हा या दोन्ही सवयी बरोबर होत्या. सत्रभर एकाच लेखावर काम करायचं: खर्डा लिहायचा, सरांचे शेरे घ्यायचे, पुन्हा लिहायचा. मी निवडला हजेरीच्या सक्तीचा विषय. विद्यार्थ्यांचा हा लाडका, कारण वर्गात वाचून दाखवला तर निम्म्या माना पहिल्या वाक्यापासूनच डोलायला लागतात.

माझा पहिला परिच्छेद असा होता:

'अठरा वर्षांची व्यक्ती मतदान करू शकते. मग वर्गात बसायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिला का नसावा? सक्तीने शरीर वर्गात येतं, मन येत नाही. जिथे मन नाही तिथे शिक्षण कसलं? म्हणून हजेरीची सक्ती ताबडतोब बंद झाली पाहिजे.'

सरांनी कुठेही लाल रेघ मारली नव्हती. फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वाक्याच्या शेजारी समासात लिहिलं होतं, 'इथलं एक वाक्य गाळलंय. ते लिही.' मी परिच्छेद पुन्हा वाचला. काही गाळल्यासारखं वाटेना, म्हणून विचारायला गेले.

"सर, यात काय राहिलंय?"

"मतदानाचं खरं आहे. पण त्यावरून वर्गाचं निघतं, हे तू धरून चाललीस. कुठल्या नियमाने निघतं?"

"ती व्यक्ती सज्ञान आहे म्हणून."

"मग तेच लिही, पूर्ण वाक्यात. आणि लिहून झालं की दुसऱ्याचं लिखाण वाचावं तसं वाच."

लिहिलं: 'ज्या व्यक्तीला मतदानाचा अधिकार आहे, तिला स्वतःच्या शिक्षणाबद्दलचे सगळे निर्णय घेण्याचा अधिकार आहे.' वाचलं, आणि त्यातला 'सगळे' डोळ्यांत खुपला. मग परीक्षा द्यायची की नाही हेही विद्यार्थ्यानेच ठरवायचं? प्रयोगशाळेत संरक्षक चष्मा घालायचा की नाही, तेही? मतदार असलेला माणूस रोज ढीगभर नियम पाळतो आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल त्याची तक्रार नसते. मतदानाचा दाखला म्हणजे वडाची साल पिंपळाला लावली होती. वाक्य न लिहिल्यामुळेच ते खरं वाटत होतं.

स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1958 साली युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यात या गाळलेल्या वाक्याला स्वतंत्र जागा आहे. एक दावा, त्याच्या पाठीशी माहिती, आणि त्या माहितीवरून दाव्यापर्यंत जाऊ देणारा नियम. त्याचं गाजलेलं उदाहरण असं: हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन आहे. मधला न बोललेला नियम, बर्म्युडात जन्मलेला माणूस साधारणपणे ब्रिटिश प्रजाजन असतो. आणि लगोलग अपवाद: त्याचे आईवडील दोघेही परदेशी असतील तर नाही. मला यातला 'बहुधा' फार आवडला. माझ्या खर्ड्यात तो औषधालाही नव्हता.

सरांनी टूलमिन शिकवला त्याच तासाला न्यायदर्शनातले, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातले, युक्तिवादाचे पाच अवयव फळ्यावर लिहिले. प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. मग उपनय, हा डोंगरही तसाच धुराचा, आणि शेवटी निगमन, म्हणून डोंगरावर आग आहे. मला सगळ्यांत उपयोगी पडली ती तिसरी पायरी. तिथे नियम उघडपणे सांगावा लागतो, आणि दाखलाही असा द्यावा लागतो की जो सामान्य माणसाला आणि जाणकाराला सारखाच मान्य आहे. माझ्या मतदानाच्या दाखल्याला माझ्याच बाजूची मंडळी मान डोलावत होती. समोरच्याला तो मान्य असण्याचं काही कारण नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक 'म्हणून'पाशी मी पेन्सिलने गाळलेलं वाक्य लिहायला लागले. काम कंटाळवाणं आहे. पण 'सक्तीने शरीर येतं, मन येत नाही' या टाळीच्या वाक्याखाली जेव्हा 'नाइलाजाने वर्गात बसलेला विद्यार्थी काहीच शिकत नाही' असं लिहावं लागलं, तेव्हा कळलं की हा विचार नसून चक्क एक माहिती आहे. ती खरी किंवा खोटी असणार, आणि कुणीतरी तपासली असणार.

तपासली होतीच. मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली महाविद्यालयीन हजेरीवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले होते. 69 नमुने, एकूण 21,195 विद्यार्थी. हजेरी आणि त्या विषयातले गुण यांच्यातला सहसंबंध 0.44 निघाला. शून्य म्हणजे काही संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, हे लक्षात घेतलं तर माणसांच्या वागण्याच्या बाबतीत हा आकडा दांडगा आहे. प्रवेश परीक्षेतल्या गुणांपेक्षा किंवा अभ्यासाच्या सवयींपेक्षाही हजेरीवरून पुढच्या गुणांचा अंदाज चांगला येतो, असं त्यांचं म्हणणं.

माझी पहिली प्रतिक्रिया पळवाट शोधण्याची होती, आणि ती हाताशीच होती. अभ्यासू मुलं वर्गातही बसतात आणि गुणही मिळवतात. हजेरीमुळे गुण मिळतात हे कशावरून? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. आक्षेप रास्त आहे आणि कुठल्याही सहसंबंधाला तो विचारायलाच हवा. पण याच अभ्यासात पुढे होतं की हजेरीचा कष्टाळूपणाशी आणि शिकण्याच्या ओढीशी असलेला संबंध दुबळाच आढळला. म्हणजे पळवाटेवर आधीच कुणीतरी उभं होतं.

त्याच अभ्यासाच्या शेवटाकडे मात्र माझ्या कामाची गोष्ट होती. हजेरी सक्तीची केल्याने सरासरी गुणांत फरक पडतो का? पडतो, गुण वाढण्याच्या बाजूने पडतो, पण थोडा. आणि हे सांगायला फक्त 3 अभ्यास होते, 1,421 विद्यार्थ्यांचे. यातलं 'थोडा' आणि 'फक्त 3' एवढंच उचलून 0.44 गाळायचा मोह चांगलाच झाला. सोयीचं तेवढं उचलायला वक्तृत्व स्पर्धेत कुणी अडवत नाही. पण हा लेख सर वाचणार होते, आणि ज्या माणसाला मला पटवायचं होतं त्याने तो अभ्यास वाचलेला असला, तर माझ्या उरलेल्या पानांवर तो कशाला विश्वास ठेवेल?

दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर दिसलं की मी तीन निराळ्या गोष्टी एका दमात बोलत होते. वर्गात बसणं उपयोगाचं आहे का, ही एक. सक्ती केल्याने मुलं जास्त शिकतात का, ही दुसरी. आणि टक्का भरला नाही म्हणून परीक्षेला बसू न देणं योग्य आहे का, ही तिसरी. पहिलीचं उत्तर माझ्या विरोधात होतं, दुसरीचं अर्धवट, आणि माझा खरा राग होता तिसरीवर. 'हजेरीची सक्ती' या नावाखाली तिन्हींची मोट बांधल्यामुळे पहिलीवर मार बसला की तिसरीही कोलमडत होती.

एवढं झाल्यावर मला वाटलं, लेख आता तयार आहे. सरांनी आणखी एक काम लावलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 साली वादासाठी एक नियम सुचवला होता: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल इतकं नीट मांडून दाखवल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचं नाही. आमच्या वर्गात एक मैत्रीण सक्तीच्या बाजूची होती. तिची बाजू मी लिहायची आणि तिने 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मी लिहिलं: 'मुलं अपरिपक्व असतात, त्यांना शिस्त लावावी लागते.' तिने वाचलं आणि कागद परत दिला.

"अगं, हे मी कधी म्हटलं?"

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"मी येतेच की वर्गात. मला कुणी शिस्त लावायला नको. पण चर्चेच्या तासाला तुम्ही निम्मे जण आला नाहीत, तर मी बोलू कुणाशी? गटाचं काम असतं तेव्हा न येणाऱ्याचा वाटाही मीच उचलायचा का?"

माझा स्वातंत्र्याचा सगळा युक्तिवाद या म्हणण्याला शिवतसुद्धा नव्हता. 'माझं नुकसान मी ठरवीन' हे मी तीन पानं मांडलं होतं, आणि ती तिच्या नुकसानाबद्दल बोलत होती. मी ज्याला उत्तर देत होते तो विरोधक मीच रचलेला होता, म्हणून तर तो इतक्या सहज हरत होता. पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्याआधी मांडलेली समोरच्याची बाजू, रंगवायचा तो असा की त्या पक्षाच्या माणसाला वाचून बरं वाटावं; जुन्या भाष्यांतून पूर्वपक्ष कधी कधी इतका दमदार असतो की उत्तरपक्ष येईपर्यंत वाचणारा तिकडेच झुकलेला असतो. न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केलेत: खरं काय ते शोधण्यासाठी, जिंकण्यासाठी, आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं दुसऱ्याचं मोडण्यासाठी. माझा पहिला खर्डा दुसऱ्या खान्यात सहज बसला असता.

मैत्रिणीच्या आक्षेपाचं खंडन मला जमलं नाही, म्हणून मी दावाच आवळला. शेवटच्या खर्ड्यातला दावा असा: 'पहिलं वर्ष आणि चर्चा, गटकाम किंवा प्रयोग असलेले विषय वगळता, केवळ हजेरीचा टक्का भरला नाही एवढ्या कारणाने विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये.' कारण: सक्तीचा फायदा आजवरच्या पुराव्यावरून थोडा दिसतो, आणि शिक्षा वर्ष वाया घालवण्याइतकी मोठी आहे. गाळलेलं वाक्यही आत लिहिलं: नियमाची शिक्षा त्या नियमाच्या फायद्याच्या मानाने असावी. हा नियम सक्तीच्या बाजूच्या माणसालाही सहसा नाकारता येत नाही, आणि नाकारलाच तर तो निदान कुठे नाकारतोय ते दिसतं. वाक्य वाचायला लांबलचक आहे, त्यावर टाळी पडणार नाही. वर्गात वाचलं तेव्हा पडलीही नाही.

भाषेची सफाई त्या मानाने चटकन झाली. 'निःसंशय', 'अर्थातच', 'हे तर सर्वांनाच माहीत आहे' हे शब्द जिथे जिथे होते तिथे पुरावा नव्हता, हे एकदा लक्षात आल्यावर ते शोधून काढायला वेळ लागला नाही. प्रश्नार्थक वाक्यं बहुतेक काढली, 'का नसावा?' असं विचारलं की न पटणारा माणूस त्याचं उत्तर देतो, आणि ते आपल्याला हवं ते नसतं. आक्षेप आधी मी शेवटी, अंग चोरून उभा केला होता. तो दुसऱ्या पानावर आणला, म्हणजे वाचणारा मनात तो घोळवत बसत नाही.

शेवटचा खर्डा मैत्रिणीला वाचायला दिला. तिची बाजू तिला मान्य झाली, पण माझी नाही. "परीक्षेला अडवणार नसाल तर नियम पाळणार कोण? नुसतं 'या' म्हणून कुणी येतं का?" तिचा प्रश्न चोख होता आणि माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर होतं: गैरहजेरीची किंमत अंतर्गत गुणांतून थोडी थोडी मोजायला लावता येईल, म्हणजे वर्ष वाया न जाता नियमालाही धार राहील. ती म्हणाली, त्याने भागेल असं तिला वाटत नाही. तिचा प्रश्न आणि माझं अर्धं उत्तर, दोन्ही मी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घातलं, 'बहुधा' जपून ठेवला, आणि लेख सरांकडे दिला.