शेजारच्या आजींचं दार

सलग तीन सोमवार शेजारच्या आजींचा कचऱ्याचा डबा बाहेर आला नाही, तेव्हा मी त्यांचं दार वाजवलं. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजी. दार वीतभर उघडलं आणि आंबलेल्या दुधाचा वास आला. पाय इतके सुजलेले, की सपातांच्या पट्ट्या मांसात रुतल्या होत्या. मागे टेबलावर औषधांच्या कागदी पिशव्या, पिनासुद्धा न काढलेल्या. "मी बरी आहे गं," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी फोन केला तो इथल्या अ‍ॅडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेसला, म्हणजे वृद्ध आणि असहाय प्रौढांच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी सेवेला. अमेरिकेत प्रत्येक राज्यात ही सेवा आहे, नियम राज्यागणिक वेगळे. आमच्या कॅलिफोर्नियात ती काउंटीमार्फत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) चालते आणि २०२२ पासून ६० वर्षांवरच्या कुणासाठीही आहे. आधी ही अट ६५ ची होती. मारहाण, उपासमार, पैशांची लुबाडणूक हे तर त्यात येतंच, पण माणसाने स्वतःचीच आबाळ करणंही येतं. हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होते, कुणीतरी छळणारा असावाच लागतो.

फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं: त्या जेवतात का, पडल्या होत्या का, घरात आणखी कोण येतं, पैशांचे व्यवहार कोण बघतं? शेवटच्या प्रश्नाने मी चपापले. इथे २००७ पासून बँकेच्या कर्मचाऱ्यांवरसुद्धा कायद्याने बंधन आहे, की वृद्ध खातेदाराची फसवणूक होतेय असा संशय आला तर कळवायचंच. डॉक्टर, नर्स यांच्यावर तर आहेच. माझ्यासारख्या शेजारणीवर सक्ती नाही, पण कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात.

जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत, नाहीतर १० दिवसांच्या आत समाजसेवक घरी येतो. आठव्या दिवशी एक बाई आल्या. मी खिडकीतून बघत होते. दार उघडलं, दोन मिनिटांत बंद झालं. बाई गाडीत बसून काहीतरी लिहीत राहिल्या आणि निघून गेल्या.

माझा संताप झाला. पुन्हा फोन केला, तर आजींबद्दल एक अक्षरही सांगायला नकार. एवढंच कळलं, की माणसाचं भान शाबूत असेल तर मदत नाकारण्याचा हक्क त्याचा. लहान मुलाला जसं घरातून उचलून सुरक्षित जागी नेता येतं, तसं इथे कुणी नेऊ शकत नाही. त्या दिवशी मला हा कायदा निर्दय वाटला. आज वाटत नाही. माझी आईही असंच दार लावून घेईल, आणि कुणी तिला खेचून बाहेर काढावं हे मला चालणार नाही.

त्या बाई परत आल्या. मग आणखी एकदा. त्या वेळी त्या उंबऱ्याबाहेर पायरीवरच बसल्या आणि आजी आतून खुर्चीवरून बोलत होत्या, जवळजवळ पाऊण तास. पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण घरपोच यायला लागलं. न्हाणीघरात धरायला दांडी बसली. पायांसाठी डॉक्टरकडे जायला मात्र आजी अजून तयार नाहीत.

परवा त्यांनीच हे सगळं मला सांगितलं. फोन कुणी केला, ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. "ती पोरगी पुन्हा येणार म्हणाली," आजी म्हणाल्या, "मी सांगितलं, ये, पण अकरानंतर. सकाळी मला उठायला वेळ लागतो."