एमजी बीचा माग: आधी लोखंड, मग कागद

एमजी बी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा इतिहास शोधायचा म्हटलं की बहुतेक जण आधी इंग्लंडहून कारखान्याच्या नोंदींचं प्रमाणपत्र मागवतात आणि मग गाडी त्याच्याशी ताडून बघतात. सोलापुरातल्या १९६५च्या रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या एमजी बीचा, माग काढताना मी क्रम उलटा ठेवला. आधी गाडीचं लोखंड वाचलं, दिसलं तसं वहीत उतरवलं, प्रत्येक नोंदीला फोटो जोडला. प्रमाणपत्राचा अर्ज त्यानंतर. कागद आधी हातात आला की त्यात लिहिलेलंच गाडीवर दिसायला लागतं.

लोखंड वाचायचं तर गाडी कशी घडली ते ठाऊक हवं. एमजी बीच्या आधीचं मॉडेल, एमजीए, वेगळ्या चेसिसवर उभं होतं. अ‍ॅबिंग्डनला, एमजीच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात, सिड एनेव्हर या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली जी नवी गाडी आखली गेली, तिचं अंतर्गत नाव एडीओ२३, आणि आकार डॉन हेटर यांचा. चेसिस काढून टाकून सगळा भार बॉडीवर घेतला. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ९४ इंचांवरून ९१ वर आला, तरी आतली जागा वाढली. मागे कॉइल स्प्रिंग द्यायचा विचार होता, तो सोडून पाट्यांच्या कमानी घेतल्या आणि त्यासाठी गाडीची शेपूट थोडी लांबवावी लागली. इंजिन १६२२ सीसीचं ठरलं होतं. गाडी जड भरली म्हणून तेच १७९८ पर्यंत वाढवलं. १९६२मध्ये विक्री सुरू झाल्यावरही बदल थांबले नाहीत. माग काढायला खरे उपयोगी पडतात ते हेच मधले बदल.

सुरुवात नंबर असलेल्या धातूच्या पट्ट्यांपासून केली. गाडीचा नंबर बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. जी-एचएन३ यातला जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचा गट, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, ३ ही मालिका. पुढचा आकडा गाडीचा, आणि ही मोजणी १०१ पासून सुरू होते. जीटी, म्हणजे बंद टपाची गाडी, असेल तर एनच्या जागी डी येतो. बॉडीचा नंबर वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो आणि तो गाडीच्या नंबराशी कधीच जुळत नाही. त्यात काही गडबड नाही: बॉडी स्विंडनला प्रेस्ड स्टीलकडे तयार व्हायची, अ‍ॅबिंग्डनला फक्त जोडणी, त्यामुळे दोन्हींची मोजणी स्वतंत्र. पट्टी कोरडी असतानाच, बाजूने टॉर्च मारून वाचावी. पॉलिश पेपर अजिबात लावू नये, उथळ ठसे एका हातात जातात.

इंजिनाची पट्टी ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या, उजव्या अंगाला, डायनॅमोच्या वर. १८जीबी-यू-एच याचा अर्थ १.८ लिटर, एमजी, बी ही आवृत्ती, मधल्या लिव्हरचा गिअरबॉक्स, हाय कॉम्प्रेशन. आरयू असेल तर ओव्हरड्राइव्ह. शेवटी एल असेल तर लो कॉम्प्रेशन. १८जी आणि १८जीए ही तीन मेन बेअरिंगची (क्रँकशाफ्टला तीन ठिकाणी आधार असलेली) इंजिनं. ऑक्टोबर १९६४ पासून आलेलं १८जीबी पाच बेअरिंगचं. ४८जीने सुरू होणारा नंबर दिसला तर ते कंपनीनेच बदलून दिलेलं रिकंडिशन इंजिन समजावं, मूळ नव्हे.

पण पट्टी रिव्हेटवर असते, म्हणजे ती एका ब्लॉकवरून दुसऱ्यावर जाऊ शकते. आपल्याकडे ही शंका घ्यायलाच हवी, कारण अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच बी सिरीज घराण्यातलं आहे. ते उघडून बसवणारे हात सोलापुरातही भरपूर आणि पार्ट गल्लीत मिळायचे. त्यामुळे इथल्या एमजीत अ‍ॅम्बॅसेडरचा ब्लॉक असणं अशक्य नाही. प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, मोजणाऱ्याची इथे फसगत होते: दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ८८.९ मिमीच आहे. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात. एमजीचा ८०.२६ मिमी, अ‍ॅम्बॅसेडरचा ७३.०२५. लहान बोअर कितीही ओव्हरसाइझ केला तरी ८० पर्यंत पोचत नाही, म्हणून हे माप निर्णायक आहे. हेड उतरवलेलं असताना अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बोअरिंगवाल्याकडून डायल बोअर गेजने माप घेतलं: प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी. लेखी मागितलं की देतात. तो कागद फाइलला लावला.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मार्च १९६५मध्ये पेट्रोलची टाकी १० गॅलनवरून १२ गॅलनची झाली, म्हणजे साधारण ४५ लिटरवरून साडेचोपन्न. जुनी टाकी दोन पट्ट्यांनी बांधलेली असते. नवी कडेच्या पाळीतून बोल्टने बसते. गाडीखाली आडवं झालं की लगेच कळतं. एप्रिल १९६५मध्ये दाराची ओढायची मूठ जाऊन बटणाची आली. या गाडीला बोल्टची टाकी आहे आणि दारांना ओढायच्या मुठी आहेत. दोन्ही मूळच्या असतील तर गाडी त्या दोन बदलांच्या मधल्या अरुंद फटीत बसते, तीही कोणताही कागद न बघता. दारं बदललेली नाहीत याची खात्री मात्र हवी, म्हणून आतली पॅनेल काढून कुलपाची यंत्रणा आणि पत्र्यातली भोकं बघितली. भोक बुजवून वेल्डिंग केलेलं असेल तर आतून खुणा लपत नाहीत.

इतर खुणा भराभर बघून होतात. तीन बेअरिंगच्या गाडीचा आरपीएम मीटर केबलवर चालतो, १८जीबीचा विजेवर. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं) हवा. अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ १९६७च्या मार्क टू या पुढच्या आवृत्तीपासून. बॉनेटला लोहचुंबक लावावा: या काळातलं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, चुंबक चिकटला तर ते नंतरच्या गाडीचं आहे.

रंगाला वेळ द्यावा. डॅशबोर्डमागे, डिकीच्या रबराखाली, दाराच्या बिजागरीजवळ रुपयाएवढी जागा घ्यायची. ओला ४००, मग ८००, मग १२००चा पेपर गोल फिरवत कड पसरवत न्यायची. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडी पडतात. दोन रंगांच्या मध्ये प्रायमर असेल तर तो नंतर दिलेला रंग. प्रत्येक पत्र्यावर वेगळी जागा घासावी, कारण ज्या पत्र्यावर तळाचा रंग सापडत नाही तो बदललेला आहे. पुढची मडगार्डं बोल्टची असल्याने तीच आधी बदलली जातात. या गाडीवर वरून लाल, तळाला ओल्ड इंग्लिश व्हाइट निघाला. पुढच्या डाव्या मडगार्डाला पांढरा नव्हताच.

एवढी वही भरल्यावर प्रमाणपत्रासाठी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे अर्ज केला. कारखान्याच्या नोंदी तिथे आहेत. पट्टीचा फोटो आणि आरसीची प्रत जोडली. आरसीवरचा नंबर आंधळेपणाने टाइप करू नये. जुन्या पुस्तकातून उतरवताना इंग्रजी जीचा ६ सहज होतो आणि मधली अक्षरं गळतात. प्रमाणपत्रात गाडी, इंजिन आणि बॉडीचा नंबर, बांधणीची आणि रवानगीची तारीख, रंग, सीटचा रंग, कुठे पाठवली आणि कारखान्यातून बसवलेल्या जादा वस्तू येतात. टाकी कुठली, मूठ कुठली हे त्यात नसतं. ते वहीतूनच जुळवावं लागतं. बांधणीची तारीख त्या मार्च-एप्रिलच्या फटीत बसली, रंगही पांढराच निघाला.

हे सगळं आरटीओच्या कामालाही लागतं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री हा कस्टमचा कागद, इथे आधी नोंदलेली असेल तर जुनी आरसी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं येतात आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. फाइलमध्ये बोअरच्या मापाचा कागद प्रमाणपत्राच्या लगेच मागे लावावा, आणि आरसीत व प्रमाणपत्रात एका अक्षराचाही फरक असेल तर पट्टीच्या फोटोसह दुरुस्तीचा अर्ज आधी द्यावा, व्हिंटेजचा नंतर.