तुम्ही विचारलंत म्हणून: खालचा पत्रा बदलायला पाच महिने का लागले?

गाडी बघायला आलेला माणूस आधी बोनेट उघडायला सांगतो, मग दार उघडून आत वाकतो, आणि मग तो प्रश्न येतोच. "खालचा पत्राच बदललात ना? मग त्याला पाच महिने?"

गाडी बाबांची, १९७८ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि पुढचं सगळं आयुष्य रत्नागिरीत आमच्या अंगणात काढलेली. शेवटची दहा-बारा वर्षं ती बंदच होती. मी ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलली तेव्हा क्लचच्या पेडलखालून थेट अंगणातली लाल माती दिसली.

गाडी खालून सडते असं सगळ्यांना वाटतं. आमची आतून सडली. पुढच्या काचेचं रबर कडक झालं होतं. पावसाचं पाणी तिथून डॅशबोर्डमागे उतरायचं आणि मॅटखालच्या जाड नमद्यात मुरून बसायचं. ओलं पोतं वर्षानुवर्षं पत्र्यावर अंथरून ठेवावं तसं. त्यात समुद्राचा खारा वारा. मधे कधीतरी एका गॅरेजवाल्याने भोकांवर ॲल्युमिनियमचा पत्रा रिवेटने ठोकून वर डांबर फासलं होतं. दिसायला काम झक्क. पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकलं आणि पुढची सड कुणाच्या नजरेलाच पडली नाही. म्हणून जुन्यावर नवा पत्रा ठोकायचा सल्ला कुणी दिला की मला राग येतो. खरंच येतो.

आता वेळेचं सांगते. जीपला खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते. तिच्यावरची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी चॅसी चाकांवर उभी राहते. पद्मिनीला अशी चॅसी नाही. फ्लोर म्हणजे हाच खालचा पत्रा, दाराखालची रनिंग बोर्डची पोकळ पेटी, मधून जाणारा प्रोपेलर शाफ्टचा बोगदा, दारांचे खांब, छप्पर, हे सगळं एकमेकांना वेल्डिंगने धरून आहे आणि गाडीचा भार सगळ्यांनी मिळून उचललेला आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ फाडा आणि खोकं दोन हातांत धरून पिळून बघा. तसंच होतं.

हे मला वाचून माहीत होतं, तरी माझ्या हातून चूक झालीच. पत्र्याचं काम करणारे मिस्त्री लग्नाला गावी गेले होते. मी गाडी पुढे-मागे जॅकवर घेतली आणि ग्राइंडरने डाव्या बाजूचा कुजका फ्लोर रनिंग बोर्डाच्या कडेसकट कापून काढला. संध्याकाळी पुढचं डावं दार लावायला गेले तर लागेना. कुलपाची जीभ खाचेच्या खाली आपटत होती. सकाळी तेच दार एका बोटाने लागलं होतं.

मिस्त्री परत आले. मला एक शब्द बोलले नाहीत. खिशातून सुतळी काढली, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली आणि तीच सुतळी उजव्या दाराला लावून दाखवली. सहा मिलिमीटरचा फरक. मग म्हणाले, "ताई, आधी आधार, मग कापणं." पुढचे तीन आठवडे त्या सहा मिलिमीटरमध्ये गेले. रनिंग बोर्डाखाली लाकडी फळी, तिच्याखाली स्क्रू जॅक. दिवसाला थोडासाच फिरवायचा, माप घ्यायचं, दार लावून बघायचं. दोन्ही कर्ण जुळले तेव्हा चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल वेल्ड केले. पुढचा फ्लोर पूर्ण बसेपर्यंत ते काढले नाहीत. उजवी बाजू कापताना अँगल आधी लावले, कटर नंतर उचललं. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करायच्या नाहीत, हे आता मी कुणालाही सांगते. आणि चॅसी नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक (वेगळी चॅसी नसली तरी नाव तेच), कुठे कोरलाय तेही कापण्याआधीच शोधून ठेवा. तो तुकडा काही झालं तरी कापायचा नाही.

नवा पत्रा आम्ही १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा, सीआरसी घेतला. सीआरसी म्हणजे मुलामा नसलेला साधा पोलादी पत्रा. दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, देत होता, गंजत नाही म्हणून. पण तो मुलामा वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो, त्याचा धूर छातीत जातो आणि टाकाही नीट धरत नाही. जुन्या फ्लोरला उभ्या पन्हाळी पाडलेल्या होत्या. त्या शोभेच्या नसतात. सपाट पत्रा ठेवला तर रस्त्यावर डब्यासारखा वाजतो आणि पायाखाली दबतो. मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर माप काढून तशाच पन्हाळी ठोकल्या.

मग बसवणं. खरं काम इथे आहे, आणि बघणाऱ्याला ते दिसत नाही. जुन्या कडेवरचे स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, एकेक करून ड्रिलने सोडवले, आणि तेही फक्त वरच्या पत्र्यापुरते. खालची कड शाबूत राहायला हवी. नवा पॅनल चार वेळा बसवला, चार वेळा काढला. दरवेळी कुठेतरी दोन मिलिमीटर घासायचे, कुठेतरी कड वळवायची. शेवटी वाइस ग्रिप आणि स्क्रू लावून घट्ट धरला, सीटची भोकं जुळतात का पाहिलं, दारं लावून पाहिली. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी काढून ठेवली होती, बॅटरीही. कडेवर आठ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांतून सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात, तारेने केलेलं वेल्डिंग) टाके भरले. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मग पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. सलग ओढत गेलात तर पत्रा तापून फुगतो, आणि फुगलेला पत्रा पुन्हा सपाट करताना रडू येतं. एका बाजूला चार दिवस लागले.

शेवटी जोडांवर सीलंट, वर प्राइमर, खाली अंडरबॉडी कोटिंग, आणि रनिंग बोर्डाच्या पोकळीत आतून मेण. पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेवली. जुन्या डांबराने तीच बुजवली होती.

जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला. पाचव्या दिवशी मी मॅट उचलून तळवा फिरवला. ड्रायव्हरची बाजू कोरडी. डाव्या कोपऱ्यात, हीटरच्या खाली, बोटांना ओल लागली. काचेचं नवं रबर त्या कोपऱ्यात पूर्ण बसलेलं नाही. मिस्त्री रविवारी येतायत.