भुरीनं तीनदा पाहिलं

शनिवार, रात्रीचे दहा

कूलरसमोर बसून लिहून राहिले. भुरी पायाशी पसरलीय, चारही पाय लांब करून, मधूनच झोपेत पंजे हलवते. मागच्या आठवड्यात गुरुवारी जे झालं ते लिहू लिहू म्हणता नऊ दिवस झाले, हातच होत नव्हता.

सध्या आम्ही पहाटे पाचला निघतो. नागपुरात मेमध्ये दुसरा इलाज नाही, पारा ४५ च्या वर जातो आणि ऊन जरा चढलं की डांबर तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची आणि सातपर्यंत मोजायचं, तेवढा वेळ हात ठेवता आला नाही तर तिचे पंजेही तिथं ठेवायचे नाहीत. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंज्यांना थोडाफार येतो, बाकी सगळी गरमी धापा टाकूनच बाहेर काढावी लागते बिचाऱ्यांना. म्हणून सुभाष नगरातून निघायचं, मेट्रोच्या पुलाखालून अंबाझरीच्या बाजूनं एक चक्कर आणि साडेसहाच्या आत घर.

तर त्या गुरुवारी ऑफिसच्या ग्रुपवर रात्रीच कोणीतरी रिपोर्टबद्दल काहीतरी टाकलेलं आणि मी चालता चालता त्याला उत्तर टाइप करून राहिले होते, लीश मनगटात अडकवलेली, डोळे स्क्रीनवर. भुरी थांबली. मला ते हाताला जाणवलं, हे मी खोटं नाही सांगणार, पण मान वर केली नाही, "चल ना गं" म्हणून ओढलं. पुन्हा थांबली, पुन्हा ओढलं. आणि मग उभ्या मेटाडोरखालून तीन कुत्री भुंकत निघाली, भुरीनं मागच्या मागं जोर लावला, मान खाली घातली आणि पट्टा डोक्यावरून सुटून माझ्या हातात लटकत राहिला.

ती हिंगणा रोडकडं पळाली. त्या रोडवर पहाटे एमआयडीसीकडं जाणाऱ्या गाड्या कशा सुसाट असतात ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. मी मागं धावले, नाव घेऊन ओरडत, आणि मी जितकं धावू तितकी ती लांब लांब. तिथं सकाळी कारल्याचा, आवळ्याचा ज्यूस विकणारे एक दादा बसतात, ते उठून ओरडले, "ताई, धावू नका बापा! खाली बसा, तिच्याकडं पाहू पण नका."

बसले. फुटपाथवर, तिच्याकडं पाठ करून. छाती धडधडत होती आणि प्रत्येक ट्रकच्या आवाजाला डोळे मिटत होते. किती वेळ गेला माहीत नाही, पण मग कोपराला काहीतरी गार, ओलं लागलं. तिचं नाक. मी वळले नाही, हळूच हात मागं नेला, आणि ती स्वतःच कुशीत शिरली, सगळं अंग थरथरत होतं तिचं. आणि माझंही.

दादांनी पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "ताई, राग नका मानू, पण तिनं तीनदा पायलं तुमच्याकडं. तुमी फोनात होत्या."

तीनदा! हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही, कारण ते बघणं मीच तिला शिकवलंय.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती आमच्या गेटपाशी सापडली, मूठभर जीव, गल्लीतलीच. आधी एका ट्रेनरला बोलावलं होतं, त्यानं गळ्यात साखळी घालून झटके द्यायला सुरुवात केली, दुसऱ्या दिवशी त्याला बघून भुरी पलंगाखाली गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्याला नको म्हणून सांगितलं आणि स्वतःच वाचून, व्हिडिओ बघून शिकवायला लागले. काही बोलायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं उभं राहायचं, आणि तिनं आपणहून माझ्या तोंडाकडं बघितलं की त्याच क्षणी "हो!" म्हणायचं आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा. एक-दोन सेकंदही उशीर झाला तर तोवर तिनं दुसरीकडं बघितलेलं असतं आणि बक्षीस त्याला लागू होतं. आधी हॉलमध्ये, मग गच्चीवर, मग गेटच्या आत, मग गल्लीत. प्रत्येक जागी जवळजवळ पहिल्यापासून, कारण हॉलमध्ये शिकलेलं गल्लीतही चालतं हे कुत्र्याला आपोआप कळत नाही, त्याच्यासाठी जागा बदलली की धडाच नवा. लीश ताणली की मी थांबणार, सैल झाली की निघणार, याच्यापायी कधीकधी शंभर पावलांना वीस मिनिटं लागायची आणि आई गेटवरून विचारायची, "काहून उभ्या आहात गं दोघी?"

आठ महिने लागले. आणि आता ती बघते. चालता चालता डावा कान मागं वळतो, मग मान, पाय थांबत नाहीत, मधाच्या रंगाचे डोळे सेकंदभर माझ्यावर येतात आणि परत पुढं. आहेस ना? आहे. एवढंच. आठ महिने खपून मी तिला हा प्रश्न विचारायला शिकवलं, आणि त्या दिवशी तिनं तीनदा विचारला तर माझ्याकडं उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

ओढण्याआधी ती काय काय सांगत होती ते आता मला दिसतं. थांबणं. नाकावरून जीभ फिरवणं. कान मागं, शेपटी खाली, मग माझ्याकडं बघणं. भीती वाटली की ती हेच करते, आणि मी पाहिलं असतं तर नुसतं वळून दुसऱ्या बाजूनं जायचं होतं.

जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडं जास्त वेळ बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं जवळिकीचं हार्मोन वाढतं, आई आणि बाळात असतं तेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं दिसलं नाही. पूर्वी वाचलं होतं तेव्हा छान वाटलं होतं, गुरुवारनंतर पुन्हा वाचलं तर "दोघांच्याही" या शब्दावर अडकले. अर्थात टक लावून बघायचं नाही, अनोळखी कुत्र्याला तर अजिबात नाही, त्यांच्यात रोखून बघणं म्हणजे धमकी. नजर मऊ असायला लागते, पापण्या जरा सैल, आणि लगेच सोडून द्यायची.

हा आठवडाभर फोन घरी. पट्टा बदलून हार्नेस घेतला, छातीवरून वाय आकाराचा, आत दोन बोटं जातील इतकाच सैल. आणि मी बघायला लागले. रोज एका कडुनिंबापाशी ती पाचेक मिनिटं काढते, पूर्वी मी तिथंच फोन काढायचे. परवा शेजारी उकिडवी बसले. ती हुंगताना नाक बुंध्याला जवळजवळ टेकतं, आणि श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून निघते, खालची धूळ दोन्हीकडं बारीक उडत होती, समोरचा वास विस्कटतच नव्हता. किती वेळा गेलो असू त्या झाडापाशी, मला हे कधी दिसलंच नव्हतं. हुंगून झाल्यावर तिनं वर बघितलं, मी तिथंच होते, अगदी तिच्या तोंडाशी, तर शेपटी अशी हलली की मागचं सगळं अंग हललं.

आज सकाळी त्याच मेटाडोरच्या अलीकडं ती थांबली. जीभ नाकावर. माझ्याकडं बघितलं. मी "हो!" म्हटलं, तुकडा दिला, वळलो आणि पलीकडच्या बाजूनं निघालो. कुत्री बाहेर आली, भुंकली, भुरीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि चालत राहिली. लीश सैल. ज्यूसवाल्या दादांनी लांबूनच हात केला.

वेळेचं भान राहिलं नाही, घरी आलो तेव्हा सात वाजत आले होते आणि आई गेटवर उभी. "फोन काहून ठेवून गेली गं, तीनदा वाजला." मी हो म्हटलं आणि आधी भुरीला पाणी दिलं.